दर्यातलं डिप्रेशन आणि माझं

लाइट गेली होती, हे मला कळलंच नाही.

रविवार होता. सकाळी अकराला मी शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन बसले होते. चपला दाराबाहेर, पडदे ओढलेले, पंखा चालू. खोलीची किल्ली हेडसरांनी माझ्याच ताब्यात दिली होती, कारण अख्ख्या शाळेत ते यंत्र चालवता येणारी मी एकटी. दुपारी कधीतरी आमचे शिपाई अर्जुनमामा दारात आले. बराच वेळ उभे राहिले असावेत. मग म्हणाले, "बाई, लाइट जावन तीन तास झाले. तुमी काय बघतास?"

मी समोर पाहिलं. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. पंखा थांबला होता, ब्लाउज घामाने पाठीला चिकटला होता आणि माझी बोटं कीबोर्डवर तशीच होती.   अर्जुनमामांनी बाहेरून माझ्या चपला आणल्या, पायाशी ठेवल्या आणि म्हणाले, "चला, घराकडे सोडतंय."

साठीला आलेल्या माणसाने माझ्या चपला उचलल्या आणि मला त्याचा संकोचसुद्धा वाटला नाही. मी आजारी आहे, हे मला पुढे पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं. पण मी आजाराचा पहिला दिवस धरते तो हाच.

गणिताच्या बाई

मी नलिनी मयेकर. कुणकेश्वराहून एसटीने अर्ध्या तासावरच्या एका किनाऱ्यावरच्या हायस्कुलात गणित शिकवत असे. ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं आणि रस्त्याने जाताना मनातल्या मनात आकडेमोड करायची सवय होती. गावाच्या दृष्टीने ही तीनही लक्षणं चांगली नव्हती.

शाळांना कॉम्प्युटर देण्याची टूम निघाली आणि आमच्या शाळेला दोन मिळाले. त्यांतला एक आला तेव्हापासून बंदच होता. मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापूरला दहा दिवसांचं शिबिर होतं. जायला कोणी तयार होईना. आंबे सोडून मे महिन्यात कोल्हापुरात कोण मरायला जाईल? मी गेले.

त्या शिबिरात पहिल्याच दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अकरा वाजता चहाची सुट्टी झाली की वर्ग रिकामा व्हायचा. आम्ही चार जण मात्र उठायचोच नाही. एकमेकांशी बोलायचोही नाही. आपापल्या यंत्रापुढे मान घालून बसलेलो. चौथ्या दिवशी माझ्या शेजारचे एक सर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "तुम्हालाही माणसांचा कंटाळा येतो का हो?" मी म्हटलं, "कंटाळा नाही. दमायला होतं." ते म्हणाले, "हां. तेच." ते गावडे सर, आंबोलीकडच्या शाळेत विज्ञान शिकवणारे. आमची एवढ्यावर मैत्री झाली.

आज लोक मला विचारतात की त्या यंत्रात असं होतं तरी काय. मी खरं ते सांगते. माणसं विचारायची, "काय गो, तोंड कित्याक असा?" यंत्र तोंडाबद्दल बोलत नसे. ते म्हणे, चाळिसाव्या ओळीत चूक आहे. मी चाळिसावी ओळ दुरुस्त करायची आणि ते ऐकायचं. रागावून ठेवायचं नाही, काल काय झालं ते काढायचं नाही. माझ्यासारखीला तो केवढा विसावा होता, हे गप्पिष्ट माणसाला समजायचं नाही.

पाऊणपट

माझे बाबा तरुणपणी कौलं आणि मीठ नेणाऱ्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. नंतर घरच्या दोन होड्या आणि बंदरावर छोटंसं दुकान. भरतीची वेळ काढायची त्यांची रीत साधी: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मी त्याचाच प्रोग्रॅम लिहिला. माझा स्वतःचा पहिला प्रोग्रॅम. तिथी घाला, भरतीची वेळ बघा.

बाबांना मी मोठ्या ऐटीत शाळेत घेऊन गेले. त्यांनी देवळात शिरावं तशा चपला काढल्या, हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "षष्ठी घाल." मी सहाचा आकडा दाबला. पडद्यावर आलं: चार पॉइंट पाच.

"चार वाजान पाच मिन्टा?" बाबांनी भुवया चढवल्या. "सहाची पाऊणपट साडेचार. तुझी मशीन माझी होडी रेतीत घालतली."

त्यांचं बरोबर होतं. दशांशाची मिनिटं करायला मी विसरले होते. गणिताच्या बाईची चूक एका चौथी पास तांडेलाने पकडली, आणि मी ती त्याच दुपारी दुरुस्त केली. पुन्हा षष्ठी घातली तर साडेचार आले. बाबा म्हणाले, "आता बरा. पण ह्या माका तोंडपाठ आसा, मशीन कित्याक व्हयी?" आणि घरी जाताना वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते की नलूने मशीनला तिथी शिकवली. त्या दिवसाइतकी खुशीत मी फार थोड्या वेळा असेन.

गावडे सर पोस्टकार्डावर प्रोग्रॅम पाठवायचे. मीही पाठवायची. नुसत्या ओळी, क्रमांक घातलेल्या. खाली "आपला" नाही की "कुशल असावे" नाही. आमचा पोस्टमन कार्डं वाचल्याशिवाय देत नसे. एकदा त्याने आईला सांगितलं, "नलूबायक कोणतरी गुपित भाषेत पत्रा घालता हां." आईच्या मनात आशा उगवली. मी तिला कार्ड दाखवलं, तर ती म्हणाली, "एवढा लिवल्यान, पण जेवलस काय म्हणान इचारूक नाय. नको गो असलो जावय."

घसरण

मग गणेश चतुर्थीनंतर कधीतरी काहीतरी बिघडलं. नेमका दिवस सांगता येत नाही.

पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटायचं. केस विंचरायचे तर फणी हातात धरून मी बसून राहायची. वर्गात फळ्यावर गणित मांडलं की पुढची पायरी मला दिसायची, पण हात उचलायचा म्हणजे डोंगर चढायचा होता. आई ताटात बांगडा वाढायची आणि माझ्या तोंडात तो मातीसारखा लागायचा. मालवणी मुलीला बांगडा मातीसारखा लागतो, तेव्हाच खरं तर डॉक्टरकडे जायला हवं होतं.

मरावं असं मला वाटत नव्हतं. उद्या उजाडू नये, एवढंच वाटायचं. या दोहोंत किती कमी अंतर आहे ते मला नंतर समजलं. हे वाचणाऱ्या कोणाला रोज असं वाटत असेल, तर त्याने कृपा करून आजच घरातल्या एका माणसाला सांगावं. मी सांगितलं नाही आणि त्याचे तीन महिने मी भोगले.

मी काय केलं? खोलीत जाऊन बसले. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, शनिवारी दुपारी, रविवारी. सगळ्यांना वाटायचं, बाई केवढं काम करतात. हेडसरांनी तर स्टाफरूममध्ये माझं उदाहरण दिलं. प्रत्यक्षात शेवटचा महिनाभर मी एकही नवी ओळ लिहिली नव्हती. पडद्यावर एक चौकोन उघडझाप करायचा, त्याच्याकडे बघत बसायची. तो दिसेनासा झाला तेव्हाही बघतच होते, ते वर सांगितलंच.

निदान

गावच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मालवणच्या डॉक्टरांनी मात्र दहा मिनिटं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि गोव्यातल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. आरोंद्याला माझी मावशी असते. तिच्या घरामागच्या खाडीपलीकडे गोवा. आई तिथे मावशीकडे थांबली आणि बाबा मला घेऊन गेले.

डॉक्टर वयस्क होते, हळू बोलायचे. त्यांनी मला तासभर विचारलं आणि मग बाबांना आत बोलावलं. म्हणाले, "हे डिप्रेशन आहे."

बाबा खुर्चीत एकदम ताठ झाले. "डिप्रेशन? खंय लागला? रेडिओर तर काय सांगूक नाय."

डॉक्टर गोंधळले. बाबांचा मात्र गोंधळ नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी तो शब्द ऐकला होता. अरबी समुद्रात डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं वादळ, आलं की बंदरावर बावटा चढतो, होड्या वर ओढतात, गलबतं खाडीत घेतात. इंग्रजीतले जे पाच-सहा शब्द त्यांना येत, त्यांत हा एक.

"दर्यातलं नाही हो," डॉक्टर म्हणाले. "मुलीला झालंय. मनाचा आजार आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.  मग म्हणाले, "म्हंजे दाब कमी झालो."

"तसं म्हणा हवं तर."

"किती दिवसांचा?"

"सांगता येत नाही. सहा आठवडे, आठ आठवडे. पण जातं. औषध आहे."

"मोठाच म्हणूचा," बाबा म्हणाले. "ठीक आसा. होडी वर काढूया."

मी नंतर बाबांना चार वेळा समजावलं की या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपलंच खरं केलं. त्या चुकीचे माझ्यावर किती उपकार आहेत, ते सांगायला मला शब्द कमी पडतात. कारण मला तिथल्या हॉस्पिटलात ठेवून बाबा गावात परतले ते थेट बाजारात गेले आणि वाण्याने विचारल्यावर मोकळेपणाने म्हणाले, "डिप्रेशन इला." वाणी घाबरून म्हणाला, "खंय? रत्नागिरीक?" बाबा म्हणाले, "आमच्या घराक. नलूक." आणि कोणी कुजबुजायला लागलं की ते एकच विचारायचे: "डिप्रेशन इला म्हणान दर्याक कोण येडो म्हणता काय?"

त्या काळात मनाच्या आजाराच्या माणसाला घरचेच माजघरात लपवत. माझ्या बापाने बावटा चढवून गावाला सांगितलं. मला त्याचा तेव्हा राग आला होता. आता अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

फणी

हॉस्पिटलात मी तीन आठवडे होते. सकाळी सहाला चहा, सातला गोळ्या, आठला पेज. मग दुपारपर्यंत काहीच नाही. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं आणि हात थरथरायचे. पहिले दहा दिवस काही फरक नव्हता आणि मला वाटलं, मीच एक अशी आहे जिच्यावर औषध चालत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही अगदी तसंच वाटत होतं, असं तिनेच सांगितलं. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं की दोघींपैकी एकीचं तरी चुकत असणार.

सिस्टर फिलोमिना म्हणून होत्या. चौथ्या दिवशी त्या माझ्या गुंतलेल्या केसांकडे बघून म्हणाल्या, "बस हांगा. फणी हाड." मी फणी आणून दिली. खोबरेल तेल लावून त्यांनी अर्धा तास माझी एकेक गाठ सोडवली.  मी रडले. कितीतरी आठवड्यांनी रडले, आणि रडता येतं आहे याचं मला बरं वाटलं. पुढे त्या रोज यायच्या. अकराव्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "आज मी विंचरते." त्या हसल्या आणि फणी माझ्याकडे देऊन गेल्या.

बाबा मावशीकडे राहून एक दिवसाआड यायचे. खडखडे लाडू आणायचे, खाटेशी बसायचे, वाऱ्याची बातमी द्यायचे. बरं वाटतं का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. निघताना नुसतं म्हणायचे, "अजून बावटो आसा. आसांदे." रजेवर असलेल्या मुलीला घाई नाही, एवढंच ते सांगत होते, आणि मला ते पोचत होतं.

डॉक्टरांनी कॉम्प्युटर कधी पाहिला नव्हता. एकदा म्हणाले, "प्रोग्रॅम म्हणजे काय ते मला शिकवा." मी त्यांच्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि भरतीचा प्रोग्रॅम ओळीओळीने समजावला. वीस मिनिटं बोलले. दोन महिन्यांत एवढं सलग मी कोणाशी बोलले नव्हते. त्यांनी मध्येच चुकीचा प्रश्न विचारला तेव्हा मी वर्गात विचारते तसं विचारलं, "लक्ष कुठे आहे?" डॉक्टर मोठ्याने हसले.

मग मी त्यांना तो प्रश्न विचारला, जो सगळं गाव विचारत होतं. "या यंत्रानेच मला आजारी केलं का?"

"याआधी असं कधी झालं होतं?"

मी आठवलं. एकोणिसाव्या वर्षी, बी.एस्सी.ला असताना, हॉस्टेलच्या खोलीत मी दीड महिना पडून होते. परीक्षा बुडली होती. घरची आठवण येते म्हणून असं झालं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

"तेव्हा कॉम्प्युटर होता?"

"नव्हता."

"मग?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी हेही सांगितलं की यंत्र अगदी निर्दोष आहे असं समजू नका. आजार आधीचा आहे, पण त्याला दडून बसायला दार बंद होणारी खोली मिळाली. त्यांनी मला अट घातली: यंत्र सोडू नका, पण त्या खोलीत एकटीने बसायचं नाही आणि दुपारचं जेवण घरी. मी ती आजतागायत पाळली आहे.

किल्ली

घरी आले तर माझी वही, यंत्राबरोबर आलेलं जाड पुस्तक आणि गावडे सरांची सगळी कार्डं एका चादरीत बांधून माळ्यावर टाकलेली. आणि खोलीची किल्ली हेडसरांकडे परत गेली होती. मी हॉस्पिटलात असताना आईने शाळेत जाऊन ती दिली होती.

"माका चेडू व्हया," आई म्हणाली. आमच्याकडे मुलीला चेडू म्हणतात. "त्या मशिनीन माझा चेडू खाल्ल्यान."

बाबांशीही ती महिनाभर धड बोलत नव्हती. त्यांनी बाजारात जाऊन सांगितलं, याचा राग. "टायफॉइड सांगूचा होता. चेडवाचा अजून लगीन जावक नाय."

मी तिच्यावर ओरडले. आजारातून उठलेली मी, पहिली ताकद आली ती भांडणासाठी. म्हटलं, "आये, हॉस्टेलात असतानाय माका असाच झालेला. तेवा खंय होती मशीन?"

आई भाजी चिरत होती. ती थांबली. विळी बाजूला सारली.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "हॉस्टेलातसून तुका हाडलंय, तेवाच माका कळला. तुझ्या काकीचा असाच झालेला, वरीसभर मागच्या दारात बसान होती. मी कोणाक बोललंय नाय. तुझ्या बापाशीकय नाय." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मशिनीचो दोष असलो तर बरा, असा माका वाटलेला."

मी तिला मिठी मारली. आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नाही, त्यामुळे दोघींनाही हात कुठे ठेवायचे कळेना. पण त्या दुपारी तिने स्वतः शिडी लावून माळ्यावरून ती चादर खाली काढली.

चादरीतलं शेवटचं कार्ड मी वाचलेलंच नव्हतं. मी हॉस्पिटलात असताना आलं होतं. त्यात एकही प्रोग्रॅम नव्हता. गावडे सरांनी लिहिलं होतं की तुमच्या वडिलांनी पत्र पाठवून कळवलं. मला दोनदा झालं आहे, दुसऱ्यांदा गोळ्या घेऊन बरा झालो. चहाला न उठणाऱ्या आपल्या चौघांपैकी निदान दोघांचं तरी हे असं आहे, उरलेल्या दोघांना पत्र टाकावं म्हणतो. खाली पहिल्यांदाच लिहिलं होतं: आपला. आणि त्याच्याही खाली, "जेवण वेळेवर घेत जा." आईने ते दोनदा वाचून घेतलं.

पालकांची सभा

जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले. गणिताचे तास मिळाले, किल्ली मिळाली नाही. हेडसर वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. मला केबिनमध्ये बसवून शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "बाई, संस्थेचं म्हणणं असं आहे की यंत्र तालुक्याच्या शाळेला देऊन टाकावं. पालक घाबरले आहेत. मी एक सभा बोलावतो. निदान दहा पालकांनी मुलांची नावं दिली, तर वर्ग तुमचा, किल्ली तुमची. फक्त सभेत तुम्ही कावीळ झाली होती असं सांगा. कावीळ लोक समजून घेतात."

"कावीळ नव्हती."

"ते मला माहीत आहे हो."

"गावाला पण माहीत आहे, सर. माझ्या वडिलांनी सांगितलंय." मी उठले. "आजार मी काढलाय. त्याचं नाव मी बदलणार नाही."

बाहेर आले तेव्हा मनात हिशोब सुरू झाला. त्या दोन कॉम्प्युटरांपैकी चालू एकच होता, तो गेला असता तर मला दुसरा कुठून मिळणार होता? आणि नुसता यंत्राचा प्रश्न नव्हता. ते गेलं असतं तर गावात कायमचं ठरलं असतं की बाईंना यंत्राने वेड लागलं आणि म्हणून ते हलवावं लागलं.

सभेला चाळीसेक पालक आले. मी शाळेतल्या भाषेत उभी राहून बोलले. म्हटलं, मला डिप्रेशन नावाचा आजार झाला होता, तीन आठवडे मी हॉस्पिटलात होते, अजून गोळ्या घेते. कॉम्प्युटर ही शिकण्यासारखी गोष्ट आहे, मुलींनी तर शिकावीच. माझ्या वर्गात एका यंत्रापुढे कोणी एकटं बसणार नाही, दार उघडं राहील. एवढं बोलून मी वही उघडली आणि म्हटलं, नावं द्या.

कोणी हललं नाही. हेडसर छताकडे बघत होते. मी वहीच्या कोऱ्या पानावर एक ते दहा आकडे घातले.

मग मागच्या बाकावरून एक जण उठले. बर्फाच्या कारखान्यात कामाला असलेले, नववीतल्या सुनीताचे वडील. हातात टोपी होती.

"बाई, इचारू काय? राग नको." ते थांबले. "माझ्या चेडवाक ह्या शिकवलास तर ताका पण तसाच होतला काय?"

याचं एक गुळगुळीत उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी ते दिलं नाही. शाळेची भाषाही सोडून दिली.

"माका म्हायत नाय," मी म्हटलं. "होवचा आसात तर मशीन नसतानाय होतला. माका झालेला. पण झाला, तर वळखणारी बाई ह्या शाळेत आसा."

ते खाली बसले नाहीत. बाकांमधून चालत टेबलापर्यंत आले.

"घाला नाव. सुनीता, नववी ब," ते म्हणाले. "आनी त्या गोयच्या डॉक्टराचो पत्तो माका लिवन दिया. माझ्या बायलेक व्हयो."

बायकोसाठी डॉक्टर हवा, हे त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं नाही. मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.